पंचावन्न किलोच्या आत

आमच्या असोद्यात भरीत नको म्हणणारा माणूस भेटला, तर त्याला आधी ताप आहे का ते बघतात. हिवाळ्यात ऊन कललं की कुठल्या ना कुठल्या अंगणातून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळाचा वास येतो. त्या जाळावर हिरवी, पांढुरक्या रेघांची मोठाली वांगी काळीठिक्कर होत असतात, आणि थोड्या वेळाने बडगीचा आवाज सुरू होतो. बडगी म्हणजे भरीत कुटायचं लाकडी भांडं. आमच्या घरची बडगी अक्काच्या ताब्यात होती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, आबांची, थोरली बहीण. लवकर विधवा होऊन ती माहेरी आली, चुलीशेजारचा कोपरा धरून बसली, आणि त्या कोपऱ्यातून तिने सगळं घर चालवलं. आई दिवसभर आबांबरोबर केळीच्या मळ्यात असायची, त्यामुळे मी वाढलो तो अक्काच्या हाताखाली. ती कुटायला लागली की लसूण, हिरवी मिरची आणि कांद्याच्या पातीचा वास माजघर ओलांडून थेट माझ्या अंथरुणापर्यंत यायचा. आणि अशा गावात, अशा घरात, अंग भरायच्या वयात मी उपाशी राहिलो. गरिबी नव्हती. घरात केळी होती, दूध होतं, मागच्या खोलीत ज्वारीची पोती होती. मी उपाशी राहिलो तो कबड्डीपायी. हे सांगितलं की लोक हसतात. मीही हसायला लागतो, पण मध्येच राग येतो आणि हसू अर्ध्यावर राहतं.

आठवणी लिहायचं तुमचं वय आहे का, असं बायको विचारते. चाळिशी अजून लांब आहे हे खरं. पण चढाई करणाऱ्याचं म्हातारपण गुडघ्यापासून सुरू होतं, आणि माझा उजवा गुडघा कधीचाच म्हातारा झाला आहे. आत्ता तो स्टुलावर उशी घेऊन पडला आहे आणि मी लिहितो आहे. बाकीचा मी अजून तरुण आहे म्हणून त्याला वाईट वाटत असेल तर वाटो. मलाही त्याच्याबद्दल फार प्रेम उरलेलं नाही.

तर नाना. नाना आमच्या नात्यातले कुणी नव्हते, पण गावात नात्यापेक्षा मोठे होते. मारुतीच्या देवळामागे त्यांची पिठाची गिरणी होती आणि गिरणीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत आमचं कबड्डीचं मैदान. तिथली माती ते स्वतः चाळत. खडा निघाला की तो ज्याच्या पायाखाली निघाला त्याच्याच हातात देऊन मैदानाबाहेर फेकायला लावत. मला त्यांनी आठवीत असताना उचललं. पाय आखूड, पाठ वाकडी आणि नजर चोरटी, म्हणजे चढाईचा गडी, असं ते माझ्या तोंडावर म्हणाले होते. मध्यरेषा ओलांडल्यावर समोरच्या सातांपैकी कोण घाबरला आहे ते त्याच्या पायाच्या अंगठ्यावरून ओळखायचं, हे मला नानांनी शिकवलं. डाव्या कोपऱ्याच्या गड्याकडे बघत उजव्या कोपऱ्याच्या गड्याला पाय लावून यायचं, हेही त्यांचंच. त्यांचे हात कायम पिठाने पांढरे असत, आणि सरावात पाठीवर थाप मारली की बनियनवर पंजा उमटायचा. तो पंजा मी घरी जाईपर्यंत झटकायचो नाही. माणूस कसा होता हे नीट कळावं म्हणून आधी हे लिहिलं. पुढे मी त्यांच्याबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणी त्यांना खलनायक करू नये. खलनायक असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

आमच्याकडच्या कबड्डीचं एक बाहेरच्यांना माहीत नसतं. गावोगावच्या स्पर्धा वजनी गटात होतात. पंचावन्न किलोचा गट, पासष्टचा गट, आणि मग खुला. खुल्या गटात आमचं मंडळ कधीच टिकलं नाही, तिथे पोलिसातले आणि रेल्वेतले दांडगे गडी उतरत. पण पंचावन्नच्या गटात आमचा दरारा होता. गिरणीत पट्ट्याच्या वर, भिंतीला लागून, नानांनी एक काचेचं कपाट केलं होतं आणि त्यातले झाडून सगळे चषक पंचावन्नच्या गटातले होते. पीठ उडून उडून ते चषक कधी चकचकीत दिसले नाहीत, पण दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला नाना ते मोजून दाखवत.

पंचावन्नचा संघ टिकवायचा, तर पोरं पंचावन्नच्या आत टिकवायला हवीत. त्यासाठी नानांकडे तागडी होती. गिरणीच्या तुळईला साखळीने टांगलेली जुनी मोठी तागडी, पूर्वी तिच्यात कापूस तोलत. एका पारड्यात नाना वजनं ठेवत, दोन विसाची, एक दहाचं, एक पाचाचं, आणि दुसऱ्या पारड्यात आम्ही मांडी घालून बसायचं. आमचं पारडं वर उचललं गेलं तर नाना खूश, खाली राहिलं तर त्या पोराचं रात्रीचं जेवण बंद. हे सगळं दळणाच्या बायकांसमोर. गव्हाचे डबे रांगेत, बायका रांगेत, आणि मध्ये चड्डी-बनियनवर मी लोंबकळतोय. "आज बरा वर गेला गं," असं एखादी म्हणायची आणि मी मान खाली घालून पारड्याच्या साखळ्या मोजत बसायचो.

स्पर्धा जवळ आली की वेगळाच सोहळा. दोन दिवस आधी पाणी तोडायचं. दुपारच्या उन्हात अंगावर दोन स्वेटर आणि त्यावर आबांचा फवारणीचा रेनकोट घालून केळीच्या बागेत पळायचं. केळीच्या बागेत वारा नसतो, नुसती ओल असते, आणि पायाखालचा पाला कुरकुरत राहतो. मग चिंच तोंडात धरून थुंकत राहायचं, म्हणजे अंगातलं उरलंसुरलं पाणी जातं. वजन झालं की मिठा-साखरेचं पाणी ढोसायचं, केळी कोंबायची आणि तासाभराने मैदानात उतरायचं. बाकीची पोरं एक-दोन वर्षांनी वाढली, पासष्टला गेली, खेळ सोडून कामाला लागली. मी मात्र चढाईचा गडी. नाना मला वाढू द्यायला तयार नव्हते. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे पुष्कळ असतात, मी घरचं न खाता भाजत होतो. अठरा संपून एकोणीस लागलं तरी माझी शाळेतली पँट मला कमरेला होत होती, आणि आईला वाटायचं की माझी अंगकाठीच तशी आहे.

अक्काला तसं वाटत नव्हतं. ती दळणाचा डबा डोक्यावरून उतरवायच्या आधीच नानांवर तोंड टाकायची. "नाना, माह्या पोराले तागडीत बसवता तुम्ही, तो काय मिरच्या हाये का विकायाच्या?"

"अक्का, तुले खेळातलं काय समजतं?" नाना ओरडून म्हणायचे. "गावाचं नाव चाल्लं त्याच्या जिवावर."

"गावाचं नाव चाल्लं आन पोरगं वाळून चाल्लं."

बायका हसायच्या, नाना पट्टा चढवायचे, गिरणी धडधडायला लागायची आणि भांडण पिठात जायचं. घरी आल्यावर अक्का आबांना ऐकवायची. आबा म्हणजे कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते म्हणायचे, "नानाचं मन नको मोडू. त्यानं पोराले उभं केलं हाये." मला आबांचा त्या वेळी इतका संताप यायचा की सांगता येत नाही. केळीचा घड भरला नसेल तर हा माणूस व्यापाऱ्याला घडाला हात लावू देत नसे. पण पोटचं पोरगं त्याच दुपारी त्याच बागेत रेनकोट घालून पळताना बघायचा आणि बांधावरून म्हणायचा, साप बघून पळ.

आणि मग ती चाचणी आली. टीव्हीवर रोज संध्याकाळी दिसणाऱ्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धेतला एक संघ नवे तरुण खेळाडू शोधत होता आणि आपल्या भागासाठीची निवड धुळ्याला ठेवली होती. कुणीतरी नानांच्या फोनवर जाहिरात पाठवली. नानांनी गिरणी बंद केली, चष्मा लावला आणि आम्हा सगळ्यांना बसवून ती मोठ्याने वाचली. वयाची अट, जन्माचा दाखला, स्वतःचे बूट, आणि शेवटी, वजन ऐंशी किलोच्या आत. वाचून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी विसरलेलो नाही. टीव्हीसमोर बसून मी त्या खेळाडूंच्या चढाया दम धरून बघायचो, घरातले हसायचे. मला दुसरं काही नकोच होतं. शेती नको, नोकरी नको, त्या निळ्या-पिवळ्या मॅटवर एकदा उभं राहायचं होतं.

"आत म्हंजे आत," नाना म्हणाले. "जेवढं आत तेवढं चांगलं. उद्यापासून पानी बंद."

सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. आज कुणी विचारलं की अरे, पंचावन्नचा पोरगा ऐंशीच्या काट्यासाठी उपाशी कशाला राहील, तर उत्तर देता येत नाही. पण आमच्या मैदानावर वाढलेल्या कुणालाही विचारा. काटा म्हटला की उपास, हे आमच्या हाडीमासी खिळलं होतं. देवळात जाताना चप्पल काढतात, तिथे कुणी विचार करतं का?

धुळ्याला आम्ही आदल्या दिवशी एस्टीने गेलो. नानांबरोबर पूर्वी खेळलेले सुकदेवभाऊ तिथे राहत, त्यांच्या घरी उतरलो. सुकदेवभाऊंच्या आईने आम्ही येणार म्हणून सकाळपासून राबून स्वयंपाक केला होता. लाल तर्रीची शेवभाजी, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. ताट माझ्यापुढे आलं आणि मी बोटांनी भाकरीचा काठ नुसता चाचपत बसलो. दीड दिवस पोटात अन्न नव्हतं, जीभ टाळूला चिकटली होती.

"काबर जेवस नही रे भाऊ?" म्हातारीने विचारलं. "भाजी तिखट शे का?"

"नही माय. भूक नही."

"भूक नही? इतला दूरथून उना नि भूक नही?" मग माझ्या बरगड्यांकडे बोट दाखवत ती नानांकडे वळली. "नाना, पोऱ्याले उपाशी मारशी का? यान्या बठ्ठ्या फासोया दिसी ऱ्हायन्यात."

"काटा व्हऊ द्या माय," नाना म्हणाले, "मंग खाईन तो." आणि ते स्वतःही जेवले नाहीत. पोरगं उपाशी तर मीही उपाशी, हा त्यांचा नेम होता, प्रत्येक स्पर्धेला. आता अशा माणसावर नीट रागावता तरी येतं का? म्हातारीने दोन्ही ताटं उचलली ती पुटपुटत, आणि पुटपुटण्यात आमच्या गावाचा उद्धार होता.

सकाळी बंदिस्त क्रीडागृहात गेलो. मी मॅटवर पहिल्यांदाच उभा राहत होतो. सुकदेवभाऊंच्या मुलाचे बूट घातले होते, ते एक बोट मोठे. पोरं नाशिककडची, अहिल्यानगरची, नंदुरबारची, आणि एकेकाच्या मांड्या माझ्या कमरेएवढ्या. कोपऱ्यात बाथरूमच्या लादीएवढा एक काचेचा काटा होता. मी त्यावर उभा राहिलो, आकडे लुकलुकले आणि चोपन्नच्या खाली थांबले. नानांनी माझ्याकडे बघून अभिमानाने मान हलवली. काट्याशी बसलेले निवड करणारे साहेब, ट्रॅकसूट घातलेले, माजी खेळाडू, त्यांनी आकडा बघितला, मग मला बघितलं, मग काटा हलवून पुन्हा उभं केलं.

"इथे वजनाला वरची मर्यादा आहे, बाळा," ते म्हणाले. "खालची लावलेली नाही, कारण इतकं हलकं कुणी येतच नाही."

आजूबाजूची पोरं हसली. तरी मला वाटलं, हसा लेको, मैदानावर बघू. आणि पहिली चढाई मी अशी केली की तशी पुन्हा आयुष्यात दोन-तीनदाच जमली असेल. डाव्या कोपऱ्यावर नजर ठेवली, तो बुटाचं टोक आत वळवून उभा होता, म्हणजे घाबरला होता. मी त्याच्यावर जाण्याचं नाटक केलं, उजवा कोपरा सरकला, त्याच्या पोटरीला बुटाचं टोक लावलं आणि परत आलो. साहेबांनी चष्मा वर केला. नाना भिंतीशी उभे होते. त्यांनी कुणाच्याही पाठीवर नाही, भिंतीवरच थाप मारली.

दुसऱ्या चढाईत मी तिघांच्या मधून निघालो होतो. मध्यरेषा हातभर राहिली होती. मी झेप घेतली आणि त्याच क्षणी डाव्या पोटरीत गोळा आला, असा की पाय माझा राहिलाच नाही. दोन दिवस पाणी न प्यायलेल्या अंगात दुसरं काय होणार? मधल्या फळीतल्या दोघांनी मला कमरेला धरलं, उचललं आणि चुलीवरचं पातेलं उतरवून ठेवावं तसं बाजूला ठेवलं. आपटलंसुद्धा नाही. ते मला आजही खुपतं. आपटलं असतं तर काहीतरी वाटलं असतं. तिसरी चढाई मला मिळाली नाही, कारण मला उभंच राहता येत नव्हतं.

नंतर साहेब आमच्याजवळ आले. मी मॅटच्या कडेला पाय धरून बसलो होतो.

"चढाई कुणी शिकवली?"

मी नानांकडे बोट केलं.

"आणि उपाशी कुणी ठेवलं?"

मी पोटरी चोळत राहिलो. नानाच पुढे झाले आणि म्हणाले, "मीच, साहेब." त्यांना अजून वाटत होतं की दोन्ही शाबासक्याच आहेत.

साहेब माझ्याशेजारी उकिडवे बसले. ओरडले नाहीत. मग मला म्हणाले, "पाय आहेत तुझ्याकडे. शरीर नाही. बारा-पंधरा किलो घेऊन पुढच्या वर्षी ये. त्यापुढे वय निघून जाईल, मग मी काही करू शकणार नाही."

परतीच्या एस्टीत नाना खिडकीशी बसले होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून त्यांनी माझ्यासाठी भजी आणली. मी ती खाल्ली, खाताना रडलो, आणि मला वाटलं की आता ते काहीतरी म्हणतील. चुकलं म्हणतील, किंवा निदान आता खात जा म्हणतील. एरंडोल आलं, गेलं. जळगावचे दिवे दिसायला लागले तेव्हा नानांनी तोंड उघडलं.

"बोदवडच्या स्पर्धेले तीन आठवडे हायेत," ते म्हणाले. "तोवर आसंच राहू दे. बोदवड झालं का मंग खाय काय खायाचं ते."

तेव्हा मला रागही आला नाही, इतका मी थकलो होतो. राग घरी पोचल्यावर आला. बोदवडनंतर यावल होतं, यावलनंतर नशिराबाद, मग पावसाळ्यानंतर पुन्हा सगळं पहिल्यापासून. नानांनी साहेबांचं बोलणं ऐकलं नव्हतं असं नाही. ऐकलं होतं, पण त्यांच्या लेखी टीव्हीतली कबड्डी खरी नव्हतीच. खरी कबड्डी म्हणजे काचेचं कपाट. माझ्या आयुष्याचा प्रश्न होता आणि तो एका गिरणीत, पिठाने माखलेल्या कपाटापाशी येऊन अडकला होता. कुणाला सांगणार? आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "तीन आठवड्यानं काय व्हतं?" आईने हात जोडून देवाकडे बघितलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तीन आठवडे मी सवयीने कमीच खाल्लं, सवयीने पळालो, तागडीत बसलो, वर गेलो, आणि रोज स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटायचं.

बोदवडला निघायच्या दिवशी पहाटे मला बडगीच्या आवाजाने जाग आली. इतक्या सकाळी आमच्याकडे भरीत कधीच होत नाही. अंगणात पऱ्हाटी धुमसत होती, आणि अक्का चुलीपाशी बसून कुटत होती. मला बघून थांबली नाही. कुटून झालं, फोडणीत शेंगदाणे तडतडले, तिने तव्यावरची भाकरी ताटात टाकली, त्यावर भरिताचा गोळा ठेवला आणि ताट जमिनीवर ठेवलं. माझ्या हातात दिलं नाही, जेव म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "थंडं व्हतं."

मी बसलो. पहिला घास मी तोंडातच धरून ठेवला. तोपर्यंत वजनाच्या दिवशी सकाळी मी कधी गुळणीचं पाणीही पोटात जाऊ दिलं नव्हतं. मग तो गिळला, दुसरा घेतला. मग मी खात राहिलो. भाकऱ्या किती खाल्ल्या ते माहीत नाही. अक्का टाकत होती, मी खात होतो, आबा ओट्यावर चहाचा कप धरून बसले होते आणि पहिल्यांदाच त्यांनी नानांचं नाव काढलं नाही. वर तांब्याभर पाणी प्यायलो. पोट असं टम्म झालं की उठताना भिंतीला धरलं.

गिरणीपुढे जीप उभी होती, पोरं बसली होती. जाऊ नये, घरीच थांबावं, असं मनात आलं होतं, पण मग वाटलं, नाही, चोरासारखं नाही. नानांनी तागडी पुसून ठेवली होती. दळणाच्या दोन बायका डबे घेऊन उभ्या होत्या. मी बनियन काढलं, पारड्यात बसलो आणि मांडी घातली. नानांनी वजनं ठेवली, दोन विसाची, दहाचं, पाचाचं. माझं पारडं जमिनीवरून हललं नाही.

नानांनी वजनं काढली, तळहाताने पुसली, पुन्हा ठेवली. पारडं हललं नाही. मग ते वाकले, आणि त्यांना लसणाचा वास आला.

"भरीत खाल्लं?"

"हो."

"काट्याच्या दिशी?"

"हो, नाना. पोटभर."

त्यांचा चेहरा मी बघितला. राग असता तर बरं झालं असतं. त्यांना काही कळतच नव्हतं. ज्याला खडा उचलून टाकायला शिकवलं, त्यानेच मैदानात खडे आणून ओतावेत, तसं काहीतरी. "उतर," ते म्हणाले. मी उतरलो. जीप गेली. आमचा संघ बोदवडला उपांत्य फेरीत हरला आणि तो हरला ते माझ्या पोटामुळे, हे गावात ठरून गेलं. पानटपरीवर मला "भरीत" अशी हाक पडू लागली, ती पुढे कितीतरी दिवस. नाना माझ्याशी बोलायचे बंद झाले. मी घरामागे एकटा सराव करायचो, नानांनी शिकवलेलंच, आणि अक्का मला खाऊ घालायची. दूध, केळी, कळणा, अंडी, जे सापडेल ते. माझं अंग उन्हाळ्यातल्या जमिनीसारखं ते सगळं पिऊन टाकत होतं.

पुढच्या वर्षी धुळ्याला माझी निवड झाली. हे वाक्य लिहिताना छाती फुगायला हवी, पण तसं होत नाही. शिबिरात मोजमापं घेणाऱ्या डॉक्टरांनी माझे गुडघे दाबून बघितले आणि विचारलं की वाढीच्या वयात काही आजार झाला होता का. मी नाही म्हणालो. ते म्हणाले, वर भरभर चढवलेलं वजन खालच्या सांध्यांना पेलत नाही, सांभाळून खेळ. सांभाळून चढाई कशी करतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. एक अख्खा मोसम मी राखीव खेळाडूंत बसलो. एकदा, सामना हातातून गेल्यावर, मला आत सोडलं. टीव्हीवर माझं नाव आलं, मी गुण घेऊन परत आलो, आणि असोद्यात फटाके वाजले असं ऐकलं. पुढच्या मोसमात सरावातच गुडघा गेला. संपलं. आता मी नशिराबादला शाळेत पोरांना कबड्डी शिकवतो. मैदानावर काटा ठेवलेला नाही. पोरांच्या आया तक्रार करतात की सर सारखं डबा खाल्ला का विचारतात.

करारातून मोकळा होऊन घरी आलो त्या आठवड्यात अक्काने माझ्या हातात ज्वारीचा डबा दिला आणि म्हणाली, दळून आन. दुसरं कुणीही आणू शकलं असतं. मी काठी टेकत गिरणीत गेलो. नाना थकले होते, चष्मा जाड झाला होता, पण हात तसेच पांढरे. त्यांनी मला बघितलं, पट्टा सोडला, गिरणी बंद केली. कोपऱ्यातलं फडकं घेतलं, तागडीचं पारडं पुसलं आणि बोट दाखवलं.

मी शर्ट काढला आणि पाय दुमडत नव्हता, म्हणून तो बाहेर लांब करून कसाबसा बसलो. नानांनी दोन विसाची वजनं ठेवली. दहाचं ठेवलं, पाचाचं ठेवलं. मी जमिनीवर. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पण गिरणीत याहून जास्त वजनं कधी लागलीच नव्हती. मग रांगेतल्या एका बाईचा गव्हाचा डबा उचलून त्यांनी पारड्यात ठेवला. "नाना, माहा डबा!" ती बाई म्हणाली. नानांनी दुसरीचाही उचलला. तेव्हा कुठे साखळ्या करकरल्या आणि मी हलकेच वर आलो.

नाना मागे सरकून बघत राहिले. माझा जीव कानात गोळा झाला होता. इतक्या वर्षांत मला त्यांच्याकडून एकच ऐकायचं होतं, पारोळ्याला ऐकायचं राहून गेलेलं. अजूनही मला ते ऐकायचं आहे, हे त्या क्षणी मला कळलं आणि स्वतःचाच राग आला.

"आता कोनत्याच गटात बसत नही तू," नाना म्हणाले. तक्रारीच्या सुरात म्हणाले. मग पिठाचा हात माझ्या पाठीवर टेकवला, बायकांचे डबे उतरवले आणि गिरणी सुरू केली. मी शर्ट न घालताच अक्काची ज्वारी दळून होईपर्यंत तिथे उभा राहिलो.